परक्या गावात नाच जिवंत कोण ठेवतं?

२०२५ च्या जुलैअखेरीला अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात, आमच्या बॉयसीत हायआल्दी झाली. हा स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरून इथे आलेल्या बास्क लोकांचा मोठा उत्सव, १९८७ साली सुरू झालेला. एरवी पाच वर्षांनी येतो पण २०२० चा कोविडने खाल्ला, त्यामुळे यावेळी दहा वर्षांनी आला. इथे मायक्रॉन या चिप बनवणाऱ्या कंपनीमुळे भारतीय बरेच आहेत, त्यात मराठी घरंही आहेत, बरेच जण पोराबाळांना घेऊन बघायला गेले, आणि तेव्हापासून आमच्या लोकांत जो वाद सुरू झालाय तो काही संपत नाहीये. एक गट म्हणतो, बघा या लोकांनी शंभर वर्षं आपला नाच जसाच्या तसा जपला, आणि आपली पोरं गणपतीत सिनेमाच्या गाण्यावर नाचतात. दुसरा गट म्हणतो, कसलं जपलंय, पांढरे कपडे लाल टोप्या घालून स्टेजवर चढायचं, निम्म्यांना भाषा येत नाही, तिकडे स्पेनमधे त्यांची तरुण पोरं रॉक ऐकतात आणि हे इथे आजोबांच्या काळात गोठून बसलेत. मधेच कुठल्या तरी जुन्या बास्क नृत्यशिक्षकाच्या श्रद्धांजलीचा विषय निघतो आणि तिथेही हेच दोन सूर, एकाला तो माणूस परंपरेचा रखवालदार वाटतो आणि दुसऱ्याला भूतकाळात अडकलेला बिचारा म्हातारा.

माझं म्हणणं असं की हे दोन्ही गट एकाच चुकीवर उभे आहेत. दोघंही धरून चालतात की नाच ही बोटीतून ट्रंकेत घालून आणलेली वस्तू आहे, मग भांडण एवढंच उरतं की ती वस्तू अजून चांगली आहे का तिला कसर लागली. पण बॉयसीत जो नाच आज दिसतो तो असा आलेलाच नाही. तो इथे जन्मलेल्या लोकांनी ठरवून शिकला, त्यासाठी परत समुद्र ओलांडून गेले, त्यात निवड केली, बदल केले आणि दर आठवड्याला पोरांना घाम गाळायला लावून पुढे दिला. ज्यांनी हे केलं त्यांना नुसतं रखवालदार म्हणून आठवणं म्हणजे त्यांनी केलेल्या कामातलं सगळ्यात अवघड काम विसरणं. आणि त्यांना अडकलेले म्हणणं तर सरळ खोटं आहे.

आधी कोण आले ते बघू. बास्क म्हणजे स्पेन आणि फ्रान्सच्या सीमेवर पिरेनीज डोंगराच्या दोन्ही अंगांना राहणारे लोक, त्यांची भाषा युस्कारा, जी आजूबाजूच्या कुठल्याच भाषेची नातेवाईक नाही. आपल्याला लांबचे वाटतात, पण जुन्या गोव्यात बॉम जेझू चर्चमधे ज्यांचं शव आहे ते सेंट फ्रान्सिस झेवियर नावार्रा प्रांतातले, त्यांची मातृभाषा बास्कच. तर यातले बिस्काया प्रांतातले बरेच तरुण एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून आयडाहोत आले आणि मेंढ्या राखायला लागले. एकटा माणूस, एक-दोन कुत्री, हजार-दोन हजार मेंढ्या आणि महिनोन्महिने डोंगर. बोलायला कोणी नाही म्हणून ॲस्पेनच्या झाडांच्या सालीवर स्वतःची नावं, गावांची नावं कोरून ठेवायचे, ती झाडं अजून आहेत. १९०९ साली इथल्याच एका पेपरात या लोकांना घाणेरडे आणि दगाबाज म्हणून छापलं होतं. हिवाळ्यात ते शहरातल्या बास्क बोर्डिंग हाऊसमधे यायचे, जेवण आपलं, भाषा आपली, पत्ते आपले, आणि कोणी अकॉर्डियन काढला की नाच. पण कुठला नाच? 'होता' (Jota), 'पोर्रुसाल्दा' अशा जोडीने घुमायच्या लोकनाचांवर त्यांचं भागायचं, ज्याला जे गावाकडून पायात आलंय ते. तलवारींचे नाच, काठ्यांचे नाच, मान्यवराला वंदन करायचा नाच, हे सगळं इथे रोज कोणी करत नव्हतं. कसं करणार? त्याला आठ-दहा तयार माणसं लागतात, वादक लागतो, प्रॅक्टिसला वेळ लागतो, आणि मेंढपाळाकडे हिवाळ्यातले थोडे दिवस सोडले तर यातलं काहीच नसायचं.

हे मुद्दाम सांगतोय कारण "पहिल्या पिढीने आणलं आणि पुढच्यांनी सांभाळलं" ही गोष्ट ऐकायला गोड आहे पण तशी घडलेली नाही. १९२९ पासून इथे मेंढपाळांचा बॉल व्हायला लागला, जॉन आर्चाबाल नावाच्या मेंढ्यांच्या मोठ्या मालकाने सुरू केलेला, त्यात लोक यायचे, नाचायचे. पण मधे १९२४ चा इमिग्रेशनचा कायदा आला होता, स्पेनचा वर्षाचा कोटा १३१ माणसांवर आला. १९३४ च्या कायद्याने सरकारी कुरणं मोकळी राहिली नाहीत. नवी माणसं येणं जवळपास थांबलं आणि इथे जन्मलेली पोरं शाळेत इंग्लिश बोलायला लागली, आईबापाची भाषा बोलायची त्यांना लाज वाटायला लागली. आपल्याकडे जे सारखं म्हणतात ना की दुसऱ्या पिढीत सगळं संपतं, तर ते संपायचीच वेळ आली होती.

इथे जे (Jay) होर्माएचेआ या बाई येतात. त्या बॉयसीतच जन्मलेल्या, बास्क स्थलांतरितांची मुलगी. चाळिशीच्या दशकाच्या अखेरीला त्यांनी बास्क मुलांना नाच शिकवायला घेतला, आणि १९४९ साली बॉयसीच्या म्युझिक वीकमधे बास्क लोकांचा मोठा कार्यक्रम झाला त्यात ही पोरं सगळ्या गावासमोर नाचली. चाळीस वर्षांपूर्वी ज्यांना पेपरात घाणेरडे म्हटलं होतं त्यांची पोरं गावाच्या मुख्य स्टेजवर, आणि गावातले बाकीचे लोक टाळ्या वाजवतायत, आणि खाली बसलेल्या ज्या आया पोरांना "बाहेर बास्क बोलू नको" सांगत होत्या त्या हे बघतायत. यात नाचाचा पवित्रा अगदी गावाकडच्यासारखा होता का, हा प्रश्न मला खरंच लहान वाटतो. त्याच वर्षी इथे एउझकाल्दुनाक ही संस्था रीतसर उभी राहिली. म्हणजे ज्यांना लाज वाटत होती त्यांनी स्वतःच्या नावाची पाटी लावली.

मग १९६०. अल एर्कियागा आणि बॉयसीतले आणखी काही तरुण-तरुणी आईबापांच्या देशात गेले. तिथे दोनोस्तियात, ज्याला नकाशात सान सेबास्टियन म्हणतात, त्यांना ओइन्कारी नावाच्या नाचाच्या ग्रुपची पोरं भेटली. त्यांच्याबरोबर हे नाचले, शिकले, आणि परत येऊन बॉयसीत त्याच नावाने ग्रुप काढला जो आजही चालू आहे. १९६२ ला सिएटलच्या आणि १९६४ ला न्यूयॉर्कच्या वर्ल्ड फेअरला हा ग्रुप नाचला. आता ही तारीख नीट बघा. १९६० म्हणजे स्पेनमधे फ्रँकोची हुकूमशाही ऐन भरात होती, शाळेत बास्क भाषा बंद, मुलांना बास्क नावं ठेवायला बंदी, बास्क झेंडा फडकवणं गुन्हा, तो झेंडा तिथे कायदेशीर व्हायला १९७७ उजाडलं. अशा देशात जाऊन अमेरिकेत वाढलेली पोरं आपले नाच शिकून आली. त्यांच्या आजोबांच्या ट्रंकेत यातलं काही नव्हतं.

ग्रुप निघाला पण नाचाला वाजवणारा लागतो, आणि तो मिळाला जिमी हाउसोरो यांच्या रूपाने. जन्म १९२० चा, शेजारच्या नॅम्पा गावातला, आईबापांचं बोर्डिंग हाऊस, म्हणजे लहानपणापासून कानावर मेंढपाळांचा अकॉर्डियन. या माणसाने पुढची कितीतरी वर्षं ओइन्कारीसाठी वाजवलं, लग्नात वाजवलं, पिकनिकला वाजवलं, १९८५ ला त्यांना अमेरिकेचा लोककलेतला सर्वोच्च राष्ट्रीय सन्मान, नॅशनल हेरिटेज फेलोशिप मिळाली, २००४ ला ते गेले. नाचणारे फोटोत पुढे असतात आणि वाजवणारा कडेला, म्हणून आपल्या आठवणीत पण वादक कडेलाच राहतो. पण विचार करा, नाचणारी पोरं दर काही वर्षांनी बदलतात, कॉलेजला जातात, लग्न करतात, गाव सोडतात, आणि तोच एक माणूस दर प्रॅक्टिसला येऊन बसतो, त्याच्या बोटात सगळ्या चाली, सगळ्या लयी, कुठे थांबायचं, कुठे पोरांची दमछाक होते म्हणून जरा सैल सोडायचं. सलगपणा म्हणतात तो या माणसात होता. माझ्या मते बॉयसीचा नाच कोणा एकाच्या जिवावर टिकला असं म्हणायचंच असेल तर आधी वादकाचं नाव घ्यावं लागेल.

आता "जसाच्या तसा" म्हणणाऱ्यांना एक विचारतो. बॉयसीतले बहुतेक बास्क बिस्कायाचे. पण ओइन्कारीची मुलं नाचतात ते नाच गिपुझ्कोआचे आहेत, नावार्राचे आहेत, फ्रान्सच्या बाजूच्या झुबेरोआचे पण आहेत. यातला एखादा नाच एखाद्या मुलीच्या पणजीने आयुष्यात बघितलाही नसेल, तिच्या गावापासून चार डोंगर पलीकडे तो व्हायचा. बास्कांचे सातही प्रांत मिळून आपण एक, हा विचार गावात राहणाऱ्या पणजीला पायाने कधी करावा लागला नाही, तो परदेशात राहणाऱ्या पणतीला करावा लागला. हे जपणं आहे का? आहे, पण त्याबरोबर हे काहीतरी नवीन घडवणं पण आहे, आणि ते घडवलं म्हणूनच जपलं गेलं, नाहीतर एकेका गावाच्या दोन-तीन कुटुंबांच्या जिवावर एकेक नाच कधीच मेला असता.

आणि मायदेशात तरी काय "मूळ" होतं? १८२४ साली हुआन इग्नासियो इझ्टुएटा नावाच्या माणसाने गिपुझ्कोआच्या नाचांवर युस्कारात एक अख्खं पुस्तक लिहिलं, आणि त्यात तो तक्रार काय करतो तर जुने नाच चाललेत, नवे वादक जुन्या चाली वाजवत नाहीत, बाहेरची फॅशन आली. १८२४ साली! म्हणजे ज्या काळाला आपण आज अस्सल म्हणू त्या काळातला जाणकार माणूस अस्सल संपलं म्हणून हळहळत होता. अकॉर्डियनचं घ्या. ज्या त्रिकितिशाशिवाय आज बास्क जत्रा होत नाही ती छोटी अकॉर्डियन तिथे पोचली एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि चर्चचे पाद्री तिला नरकाचा भाता म्हणायचे, कारण त्या तालावर पोरं-पोरी जवळ येऊन नाचतात. आउर्रेस्कूचं घ्या. आज उद्घाटनाला, लग्नाला, कोणाच्या अंत्यविधीला एकटा नर्तक चिस्तूच्या, म्हणजे बास्क बासरीच्या सुरावर पाय डोक्यापर्यंत उडवून वंदन करतो तो हा नाच, पण पूर्वी ती चौकातली लांबलचक साखळी असायची, रुमाल धरून, कोण पुढे कोण मागे याचे कडक नियम, बायकांना मानाने आणून साखळीत घ्यायचं. त्या सगळ्यातला एक तुकडा वेगळा निघाला आणि सगळ्या समाजाचं वंदन झाला. हे कोणी परदेशात केलं नाही, घरीच झालं.

इथे समोरचा जो सगळ्यात कडक प्रश्न विचारतो तो टाळता येत नाही. तो म्हणतो, ठीक आहे, सगळंच बदलतं, मग आमच्या पोरांनी गणपतीत सिनेमाच्या गाण्यावर नाचलं तर तोही बदलच, त्याला नावं का ठेवता? जर शुद्ध असं काहीच नसेल तर जपण्यासारखं तरी काय उरलं? हा प्रश्न खरा आहे आणि "परंपरा ही वाहती नदी" वगैरे बोलून त्याला उत्तर मिळत नाही. माझं उत्तर असं, की बदल दोन प्रकारे होतो, एक माहिती असून केलेला आणि एक माहिती नाही म्हणून झालेला, आणि बाहेरून दोन्ही सारखे दिसले तरी त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. बास्क नाचातल्या झोर्त्सिकोचा ठेका पाच मात्रांचा, कानाला सवय नसली तर पाय हमखास चुकतो. ज्याने तो वर्षभर घोटलाय तो उद्या त्यात काही नवीन करेल तर त्याला कळतं आपण काय मोडलं आणि का, आणि समोर बसलेल्या जुन्या नर्तकांना पण कळतं, ते बोलतात, भांडतात, कधी मान्य करतात कधी नाही. साठीच्या दशकात दोनोस्तियात हुआन अंतोनियो उर्बेल्त्झ यांचा आर्गिया ग्रुप निघाला, त्यांनी गावोगावच्या नाचांचा, पोशाखांचा, वाद्यांचा नव्याने अभ्यास केला, आणि पांढरे कपडे-लाल टोपी ही जी सरसकट झालेली वर्दी होती तिच्याऐवजी प्रत्येक गावाचा वेगळेपणा स्टेजवर आणला. तोही बदलच होता आणि त्यावर वादही झाले असणार, पण तो अभ्यासातून आला. म्हणून मी सिनेमाच्या गाण्याला वाईट म्हणत नाही, माझा आक्षेप एवढाच की ज्या पोराला लेझीमचा एकही पवित्रा कोणी शिकवलेला नाही त्याने लेझीम बदलली असं म्हणता येत नाही, ती त्याला कोणी दिलीच नाही. दोष पोराचा नाहीये, शिकवायला कोणी उभं राहिलं नाही त्याचा आहे.

दुसरा आक्षेप आणखी वजनदार आहे आणि तो मी स्वतः कितीदा मनात घोळवलाय. नाच हा निरुपद्रवी असतो. भाषा मागितली की शाळा मागावी लागते, कोर्टात मागावी लागते, सत्ता मागावी लागते, आणि नाच मागितला की सरकार हसून स्टेज देतं. याचा सगळ्यात ढळढळीत पुरावा खुद्द फ्रँकोच्या स्पेनमधे आहे. त्याच्या फलांगे पक्षाची जी बायकांची शाखा होती, सेक्सिओन फेमेनिना, तिने कोरोस इ दान्सास नावाची पथकं काढली, स्पेनभरचे प्रांतोप्रांतीचे नाच बसवले, त्यात बास्क नाच पण होते, आणि ही पथकं परदेशी दौऱ्यावर पाठवली, अगदी लॅटिन अमेरिकेपर्यंत, जिथे स्पेनच्या यादवी युद्धातून पळालेले लोक राहत होते. म्हणजे भाषेचा गळा दाबायचा आणि नाच मिरवायचा, बघा आमच्या देशात केवढी रंगीबेरंगी विविधता. तेव्हा कोणी म्हणालं की भाषा गेल्यावर उरलेला नाच हा कपडेपटातला पोशाख आहे, तर त्याला मूर्ख म्हणता येत नाही. बॉयसीच्या स्टेजवरच्या बऱ्याच मुलांना युस्कारा बोलता येत नाही हेही खरंच आहे.

पण हीच गोष्ट उलट बाजूने बघा. त्याच यादवी युद्धात २६ एप्रिल १९३७ ला फ्रँकोच्या बाजूच्या विमानांनी गेर्निका या बास्क गावावर बॉम्ब टाकले. त्याच गेर्निकात सेगुंदो ओलाएता या माणसाने १९२७ साली एलाइ आलाइ नावाचा लहान मुलांचा नाचाचा ग्रुप काढला होता. गाव जळाल्यावर ती मुलं फ्रान्समधे गेली आणि तिथे नाचली. त्याच वर्षी बास्क सरकारचे अध्यक्ष होसे अंतोनियो आगिर्रे यांनी गायक-नर्तकांचं एरेसोइन्का हे पथक उभं केलं, ज्यातले बहुतेक निर्वासित होते, आणि ते पॅरिसला, लंडनला पाठवलं. ज्या सरकारकडे जमीन उरली नव्हती, सैन्य हरत चाललं होतं, त्याने शेवटच्या पैशातले पैसे नाचावर का घातले असतील? कारण बॉम्ब टाकणारे जगाला सांगत होते की असे कोणी वेगळे लोक नाहीतच, गेर्निका तर बास्कांनी स्वतःच जाळलं. त्यावर लंडनच्या थिएटरात उभं राहून आम्ही आहोत हे न बोलता दाखवणारी मुलं हे उत्तर होतं. पावलं तीच, एकाच गावची, एकदा हुकूमशहाच्या पथकात आणि एकदा निर्वासितांच्या. मग पावलांना निरुपद्रवी किंवा धोकादायक म्हणण्यात काही अर्थ नाही, बघायचं हे की ग्रुप कोणाचा आहे, कुठे नाचायचं हे कोण ठरवतं, झेंडा कोणता लावायचा हे कोण ठरवतं. बॉयसीत हे ठरवणारे बॉयसीचे बास्क होते. त्या काळात जो झेंडा गेर्निकात फडकवला तर पोलीस उचलून न्यायचे तो इथे उघड लावता येत होता.

आणि भाषेचं म्हणाल तर आयडाहोत क्रम उलटा झालाय. आधी नाच, १९४९ आणि १९६०. मग नाचामुळे जमलेली कुटुंबं, त्यांची संस्था, मग १९८५ ला ग्रोव्ह स्ट्रीटवरच्या जुन्या बोर्डिंग हाऊसपाशी म्युझियम, आणि १९९८ ला ज्या शाळेत लहान मुलांशी दिवसभर युस्कारात बोलतात अशी इकास्तोला. नाचाने भाषा वाचवली असा दावा मी करत नाही, तेवढं सोपं नाहीये ते. पण नाचाच्या क्लासला आणून सोडणारे आईबाप एका हॉलमधे दर आठवड्याला भेटत राहिले नसते तर शाळेसाठी जमायला माणसं आली कुठून असती? ज्याला भाषा हवी त्याने नाचाला हसू नये, नाच त्याच्यासाठी माणसं गोळा करून ठेवतो.

तिसरं एक म्हणतात की परदेशातले लोक जास्त कर्मठ होतात, मायदेश पुढे जातो आणि हे मागे राहतात. होतं असं, काही ठिकाणी नक्की होतं, आपल्यातही होतं. पण बास्कांच्या बाबतीत हा नियम लावायचा तर जरा थांबा. स्पेनमधल्या इरुन आणि ओन्दारिबिया या गावांत दरवर्षी आलार्दे नावाची सैनिकी वेषातली पारंपरिक मिरवणूक निघते. १९९६ साली तिथल्या काही बायकांनी आम्हालाही सैनिक म्हणून चालू द्या म्हटलं, तर गावं उभी दुभंगली, प्रकरण कोर्टात गेलं, आणि ओन्दारिबियात बायका-पुरुषांची मिश्र तुकडी चालायला लागली की रस्त्याच्या कडेला लोक काळं प्लास्टिक धरून पाठ फिरवायचे, शिट्ट्या वाजवायचे. हे मायदेशात, विसाव्या शतकाच्या शेवटी आणि नंतरही. इकडे आयडाहोच्या वाळवंटात एका बाईने पन्नास वर्षं आधी मुलं-मुली एकत्र उभी करून शिकवायला सुरुवात केली होती. तेव्हा पुढे कोण आणि मागे कोण हे नकाशावरून ठरत नाही.

आपल्या लोकांचं एक उदाहरण देतो, कारण ते या वादात कोणीच काढत नाही आणि मला त्याचं वाईट वाटतं. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून कोकणातले लोक मॉरिशसला उसाच्या मळ्यांवर गेले. त्यांच्याबरोबर जाखडी गेली, तिकडे तिला झाकरी म्हणतात, गणपतीत अजून करतात. त्या घरांत रोज बोलली जाते ती क्रिओल, मराठी बऱ्याच जणांना गाण्यापुरतीच येते. आता आमच्यातला पहिला गट म्हणेल वा, जसंच्या तसं जपलं. पण तसं नाहीये, आणि इकडे कोकणात पण जाखडी तशी राहिलेली नाही, शक्ती-तुऱ्याचे सामने लागतात, लाइट लागतात, माईक लागतात, मुंबईच्या नाट्यगृहांत तिकीट लावून प्रयोग होतात. दुसरा गट म्हणेल भाषा नाही तर नाचाला काय अर्थ. पण करारावर मळ्यात राबायला गेलेल्या माणसाने दिवसभर ऊस तोडून रात्री गोल धरून पोराला पाय कसा टाकायचा हे दाखवलं, त्या पोराने पुढच्याला दाखवलं, पाच-सहा पिढ्या. त्यांच्यातल्या किती जणांची नावं आपल्याला माहितीयत? बॉयसीच्या बास्कांनी निदान हाउसोरोचं, होर्माएचेआ बाईंचं, एर्कियागाचं नाव लिहून ठेवलं, म्हणून आज मला इथे ती घेता आली.

म्हणून श्रद्धांजलीवर परत येतो, कारण खरं भांडण तिथे आहे असं मला वाटतं. असा एखादा शिक्षक गेला की आपण काय बोलतो? मातीशी नातं, रक्तात नाच, मायभूमीची ओढ. या सगळ्यात त्याने दिवसा कुठे नोकरी केली, प्रॅक्टिसला हॉल कोणी दिला, भाडं कोणी भरलं, पोशाख कोणी शिवले, कुठला नाच त्याने घ्यायचा नाही ठरवलं आणि का, पहिल्या वर्षी किती मुलं आली आणि किती सोडून गेली, यातलं काही येत नाही. आणि मग पुढचा माणूस असं समजतो की हे काम करायला रक्तात काहीतरी असावं लागतं, माझ्यात ते नाही, तर आपण आपलं टाळ्या वाजवू. पण बॉयसीचा इतिहास तर उलटंच सांगतो, ज्यांना येत नव्हतं ते जाऊन शिकून आले. एर्कियागा आणि मंडळी काही नाचात मुरलेली म्हणून दोनोस्तियाला गेली नव्हती.

आमच्या मंडळात पुढच्या गणपतीचा विषय निघाला की परत हा वाद होणारच आहे, तेव्हा माझी सूचना आत्ताच लिहून ठेवतो. सिनेमाची गाणी बंद करा असा ठराव नको. त्याऐवजी ज्यांना लेझीम येते अशी आपल्यात जी दोन-चार माणसं आहेत, शाळेत शिकलेली, चाळिशी-पन्नाशीची, त्यांना आत्ता, सप्टेंबरची वाट न बघता, महिन्यातले दोन रविवार द्या, शाळेचा जिम भाड्याने घ्या, हलगी वाजवणारा नसेल तर एखाद्याला सुट्टीत गावाला गेल्यावर हलगी शिकून यायला तिकिटाचे पैसे द्या. कोण कोणाकडून काय शिकलं ते एका वहीत नावानिशी लिहा. पहिल्या वर्षी पोरं कमी येतील, मधेच सोडतील, काहींना बोअर होईल, तरी वही चालू ठेवा.